कंसातलं नाव

आमच्या ऑफिसात चहा आला की त्रिंबकराव आधी त्याचा वास घ्यायचे. मग कप हलकेच फिरवून तळाशी काही बसलंय का ते बघायचे, आणि मगच ओठाला लावायचे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. एक दिवस न राहवून विचारलंच, "त्रिंबकराव, तुम्हाला विष घालून कुणाला काय मिळणार आहे हो?"

"मिळंल न मिळंल, ते नंतर," ते म्हणाले. "पण घालणारा सांगून घालीत नसतो, रूपाताई."

असा हा माणूस. स्कूटरला दोन कुलपं. डब्याला रबर लावायचा तो विशिष्ट पद्धतीने, म्हणजे कुणी उघडला तर कळावं. औरंगपुऱ्यातून रिक्षाने यायची वेळ आली तर रिक्षावाल्याशी गप्पा मारणार नाहीत, रस्त्याकडे डोळे लावून बसतील, कारण "बोलण्यात गुंतवून लांबून नेतात". नळाला पाणी यायच्या दिवशी शेजारी मोटर लावून आपलं पाणी ओढतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. म्हणून त्या दिवशी हाफ डे. मी फोनवर जरा हळू बोलले तरी ते मान न वळवता कान वळवायचे. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. मी एकदा मुद्दाम फोनवर कुजबुजले, "हो, हो, त्रिंबकरावांना काही कळलेलं नाही." पलीकडे माझी जाऊ होती. ती गोंधळली, आणि त्रिंबकराव आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत. दुचाक्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग आम्ही करतो. स्टोअरच्या मागे एक खोली आहे, तिला कॉम्प्युटर खातं म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरला की फोन माझ्याकडे येतो आणि मी ती तक्रार सॉफ्टवेअरमध्ये घालते. ते सॉफ्टवेअर आणि त्याच्या आतली सगळी माहिती जिथे साठते तो डेटाबेस, हे त्रिंबकरावांचं राज्य. त्याची चावी, म्हणजे आत शिरायचा पासवर्ड, दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

त्यांच्या संशयाचं मूळ मला नंतर कळलं. त्रिंबकराव पैठणकडच्या एका खेड्यातले. कालव्याचं पाणी मिळणारी चांगली जमीन. शेजारचं वावर चुलत्याचं, तात्यासाहेबांचं. हे तात्यासाहेब बोलायला साखर, पण दर नांगरटीला मधला बांध थोडा थोडा कोरायचे. इतका थोडा, की एका वर्षात कुणाच्या डोळ्यांत भरू नये. त्रिंबकरावांची आई दगडाबाई सकाळी उठून आधी बांधावरचे दगड बघून यायची आणि मग चूल पेटवायची. वडील भोळे. "भाऊच हाय, खाऊन खाऊन किती खाईल," म्हणायचे. सरकारी मोजणी आली तेव्हा कळलं, भावाने बाभळीच्या झाडासकट एक अख्खा पट्टा खाल्ला होता. त्रिंबकराव तेव्हा शाळेत होते. मोजणीची साखळी त्यांनीच धरली होती म्हणे.

तेव्हापासून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला आणि नोंदीवर बसला. जमिनीचा मालक बदलला की तलाठी फेरफार घेतो, त्याचा नंबर सातबाऱ्यावर येतो, आणि जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस घालतात, हे मला त्यांनी निदान शंभरदा सांगितलं असेल. "माणूस मेला तरी कंसात ऱ्हातो, रूपाताई. पुसला जात नाय." हे त्यांचं लाडकं वाक्य.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. बिघाड झाला तर साधी तक्रार. पण चालू असलेल्या गोष्टीत काही बदलायचं असेल, लेबल छापायचा प्रोग्राम, वजनकाट्याची जोडणी, असं काही, तर चेंज ऑर्डर घालावी लागते. कुणी मागितली, कशासाठी, कुणी मंजूर केली, हे नोंदल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्रिंबकराव तिला फेरफारच म्हणायचे. बघता बघता सगळी कंपनी म्हणायला लागली. "ताई, माझा फेरफार कुठवर आला?" असे फोन मला येतात.

एका निवांत दुपारी मी त्यांना विचारलं होतं की हे फेरफार आत राहतात तरी कुठे. माणूस खुलला. टेबलावर बोटाने चौकोन काढत सांगायला लागला.

"तीन तक्ते धरा. पहिल्यात एका फेरफाराला एक ओळ. नंबर, काय बदलायचं, आज कुठवर आलंय. दुसरा तक्ता घडामोडींचा. मागितला, एक ओळ. मंजूर झाला, खाली आणखी एक ओळ. तिथं खोडाखोड नाय. निस्ती भर पडत जाती. कुणी काय केलं ते झाकता येत नाय."

"आणि तिसरा?"

"माणसांचा. पहिल्या दोन्हीत नाव नसतंच. दर माणसाला एक लांबलचक खूण दिल्याली असती, तेवढीच तिथं ऱ्हाते. तुमी स्क्रीन उघडली की सॉफ्टवेअर ती खूण घेऊन तिसऱ्या तक्त्यात जातं, नाव बघून येतं आन् तुमाला दाखवतं."

"एवढा उपद्व्याप कशाला? सरळ नावच लिहावं की."

"तुमा बायकांची लग्नानंतर आडनावं बदलत्यात. हजार ओळींत कोण बदलीत बसंल? एका जागी बदललं की समदीकडं बदलतं."

मला ते पटलं. त्यांना तर ते इतकं आवडत होतं की जणू त्यांनीच शोधून काढलं होतं.

या माणसाने आयुष्यात एकाच माणसावर भरवसा टाकला, तो शिवशंकर गायके. फेरफार मंजूर करायचं काम त्याच्याकडे होतं. दोघं डबा वाटून खायचे. शिवशंकरने ओतलेला चहा त्रिंबकराव वास न घेता प्यायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग शिवशंकरला पुण्यात नोकरी लागली आणि त्याच्या जागी सायली बोराडे आली.

सायली फुलंब्रीकडची. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडील अजूनही कळप घेऊन फिरतात. शिकून खुर्चीवर बसलेली घरातली ही पहिलीच. पोरगी हसरी, कामाला चोख, आणि कुणावरही पटकन विश्वास टाकणारी. पर्स टेबलावर उघडी टाकून जेवायला जायची. मी रागावले तर म्हणायची, "ताई, इथं कोण घेतंय?" ती कंत्राटावर होती. कायम करण्याचं पत्र तयार होऊन औताडे साहेबांच्या, म्हणजे आमच्या प्लांटच्या मोठ्या साहेबांच्या, सहीसाठी पडलं होतं. तिचे वडील कुठल्याशा माळावरून रोज फोन करून विचारायचे, "झाली का गं सही?"

तेवढ्यात माल परत आला. गिऱ्हाईक कंपनीने अख्खा ट्रकच पाठवून दिला. खोक्यावर लेबल एका भागाचं, आत माल दुसराच. आमच्याकडे माल बाहेर पडताना खोक्याचं लेबल आणि आतल्या भागाचं लेबल जुळवून बघणारी यंत्रणा आहे. जुळलं नाही तर लाल दिवा लागतो आणि पट्टा थांबतो. तो दिवा लागलाच नव्हता, कारण जुळणी बंद होती. खोदून बघितलं तर ती कित्येक महिन्यांपूर्वी एका फेरफाराने बंद केलेली. कारण लिहिलं होतं, "मालाची घाई, तात्पुरतं". नंतर ती चालू करायला सगळे विसरले. भरणारे हात सावध होते तोवर निभावलं, नवी माणसं आली आणि गाडं अडलं.

फेरफार मंजूर करणाऱ्याच्या जागी स्क्रीनवर नाव होतं, सायली बोराडे.

औताडे साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सायलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, मी नाय केलं हे. त्या दिवसांत मी नुकतीच आले होते. शिवशंकर सरांच्या शेजारी बसून काम बघत होते. मला तर लॉगिनबी नव्हतं तवा."

"मग तुझं नाव तिथं कुणी लिहिलं? भुतानं?" साहेबांनी विचारलं. मग त्रिंबकरावांकडे वळून म्हणाले, "काय हो, आतलं रेकॉर्ड काय म्हणतं?"

"आतबी तेच हाय साहेब. माणूस खोटं बोलंल, रेकॉर्ड बोलत नाय."

सायलीने त्यांच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, पण त्यांच्याकडे बघतच राहिली. चौकशीची तारीख लागली आणि साहेबांनी ते पत्र फाइलमधून काढून कपाटात ठेवलं. कायम होणं तर दूरच, पोरगी घरी जाणार हे उघड होतं. आणि अशा डागासकट गेली तर या पंचक्रोशीत तिला उभं कोण करणार?

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सगळं ऑफिस एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागलं. स्टोअरवाले म्हणाले, गिऱ्हाईकाच्या माणसाशी हिचं बोलणं असेल. पॅकिंगवाले म्हणाले, स्टोअरवाल्यांनीच हिला पुढं केलंय. कॅन्टीनमध्ये सायली बसली की शेजारच्या खुर्चीला पाय फुटायचे. पर्स टेबलावर टाकणारी पोरगी आता पर्स मांडीवर घेऊन जेवायला लागली.

त्रिंबकरावांना तर मोसम आला होता.

"पोरगी सगळ्यांच्या आधी येती. काऊन येती?" ते मला विचारायचे.

"फुलंब्रीची एसटी त्याच वेळेला येते म्हणून."

"शिवशंकरच्या शेजारी बसायची. पासवर्ड टाकताना बोटं बघितली असतील."

"कावीळ झालेल्याला जग पिवळं, त्रिंबकराव."

"आन् डोळे झाकणाऱ्याला?" ते म्हणाले. "आमचे वडीलबी असंच म्हणायचे."

मी त्या दिवशी त्यांच्याशी कडाडून भांडले. आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात संशयाने घर केलं होतं, पण तो सायलीवर नव्हता. हा माणूस जेवणाच्या सुट्टीत एकटा बसायचा, स्क्रीन भिंतीकडे वळवायचा, मी आले की स्क्रीनवरची खिडकी बंद करायचा. डेटाबेसची चावी याच्याचकडे. नाव बदलायला याला कितीसा वेळ? जिगरी दोस्त शिवशंकर. त्याला वाचवायला याने पोरीचं नाव चिकटवलं तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते यालाच तर नाही? मी मनाशी हे सगळं जुळवलं आणि गप्प राहून त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. म्हणजे ते सायलीवर, मी त्यांच्यावर. आमच्या खोलीत काम कोण करत होतं, देव जाणे.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "रूपाताई, हिकडं या. पोरीनं तारखाबी बदलल्यात."

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. सायलीला पुरती अडकवायची म्हणून त्यांनी तिच्या नावाने मंजूर झालेले सगळे फेरफार एकाखाली एक काढले होते. हे असले उद्योग आणखीही कुठे केलेत का, ते बघायला. फेरफार मागे मागे जात होते. ती आली त्याच्या आधीचे. त्याच्याही आधीचे.

"बघा किती खोलवर हात घातलाय हिनं," ते म्हणाले.

मला हसू आलं. "अहो, ही अकरावीत असताना आपल्या कंपनीचे फेरफार मंजूर करत होती का?"

"म्हणून तर म्हणतो, तारखा बदलल्या."

"दुसऱ्या तक्त्यात खोडाखोड होत नाही म्हणता ना? मग कशा बदलल्या?"

त्यांनी सगळ्यात जुनी तारीख पुन्हा उघडून बघितली. मी म्हटलं, "शिवशंकरचे काढा. ताडून तरी बघू."

त्यांनी शिवशंकर गायके असं टाइप केलं आणि शोधलं. स्क्रीन रिकामी. पुन्हा टाइप केलं. पुन्हा रिकामी. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून ज्याने शेकडो फेरफार मंजूर केले, त्याच्या नावावर एकही नव्हता. जसा काही तो माणूस या कंपनीत कधी आलाच नव्हता.

त्रिंबकरावांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग फार हळू बोलले, "म्या नाव फिरवलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. या सॉफ्टवेअरमध्ये जितकी माणसं मंजुरी देणार, तितकी लायसन्स विकत घ्यावी लागतात. शिवशंकर गेला आणि सायली आली तेव्हा औताडे साहेब जाता जाता दारातून बोलले होते, "नवीन लायसन्स कशाला? जुन्यावरच बसव तिला." आमच्याकडे ही जुनीच रीत. याला ते नाव फिरवणं म्हणायचे. तिसऱ्या तक्त्यात गेलेल्या माणसाच्या ओळीवर जायचं आणि त्याच्या नावाच्या जागी नव्या माणसाचं नाव टाकायचं. खूण तीच, नाव नवं. आधी अशी फिरवलेली माणसं नुसत्या तक्रारी टाकणारी होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. पण शिवशंकर मंजुरी देणारा होता. त्याचं नाव फिरवताच त्याने आयुष्यभर दिलेली प्रत्येक मंजुरी सायलीच्या नावावर गेली. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. आणि नाव फिरवायला कुणी फेरफार घालत नव्हतं. ते कामच कुणी बदल म्हणून धरत नव्हतं.

"त्या दिवशी दहा कामांत हे एक काम केलं आन् इसरलो," ते म्हणाले. "जुनं नाव कंसात टाकायचं असतं हे मला... मला कुणी सांगाया पायजे होतं का?"

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी माणसांचा तक्ता उघडला. सायलीची ओळ काढली. नाव खोडून तिथे शिवशंकर गायके असं टाइप केलं. आणि सेव्हच्या बटणावर बाण नेऊन थांबले.

"हे दाबलं की झालं," ते म्हणाले. "उद्या साहेबांनी स्क्रीन उघडली की शिवशंकर दिसंल. पोरगी सुटंल. शिवशंकर पुण्याला, त्याला कोण काय करतंय?"

"आणि तुम्ही?"

"मी कुठंच नाय. ह्या तक्त्याला मागचं काय आठवत नाय. इथं जे आज हाय तेच कायमचं हाय. दोन्ही येळा माझा हात कुणाला दिसायचा नाय."

"मग दाबा की!" मी म्हटलं. मला सायलीचा चेहरा दिसत होता, बाकी कशाची फिकीर नव्हती. "दाबा आणि मोकळे व्हा."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रिक्षातून रस्त्याकडे, कपातल्या चहाकडे बघायची तीच नजर. "रूपाताई, तुमीबी?" ते म्हणाले. "पोरगी आल्यापासून तिनं स्वतः केल्याली समदी कामं मग त्याच्या नावावर जातील. आन् उद्या तिला गरज पडली तर ती काय दाखवंल? तात्यासाहेबबी असंच करायचा. दिसत नाय ना कुणाला, मग ढकला इतभर."

त्यांनी टाइप केलेलं नाव पुसलं आणि सेव्ह न करता तक्ता बंद केला. त्या संध्याकाळी ते डबा तसाच भरलेला घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सायली दाराजवळ उभी होती, पर्स छातीशी धरून. साहेब काही बोलायच्या आत त्रिंबकराव उभे राहिले. "ही मंजुरी हिची नाय. शिवशंकरची हाय. त्याच्या ओळीवर म्या हिचं नाव चढवलं." मग त्यांनी तिच्या नावाचे ते जुने फेरफार दाखवले, ती शाळा-कॉलेजात असतानाचे. एवढं बघितल्यावर कुणाला आणखी समजावून सांगायची गरज उरली नाही.

"कुणाला विचारून नाव फिरवलं?" साहेबांनी विचारलं.

त्रिंबकराव साहेबांकडे बघत राहिले. साहेब खिडकीबाहेर जालना रोडवरची वाहनं बघत राहिले. मी मनात म्हणत होते, बोला, सांगा, तुम्हीच म्हणालात म्हणून. पण ते खाली मान घालून बोलले, "तोंडी होतं. पुरावा नाय." ज्या माणसाने चहासुद्धा तपासल्याशिवाय घेतला नाही, तो साहेबाच्या दारातल्या एका वाक्यावर फसला होता. मला साहेबांचा इतका राग आला की हाताची मूठ टेबलाखाली लपवावी लागली.

साहेबांनी शिवशंकरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "व्हय, मीच दिली होती मंजुरी," तो सहज म्हणाला. "लई घाई होती तवा. जाताना त्रिंबकला सांगितलं होतं, जुळणी परत चालू कर म्हणून."

"मला नाय सांगितलं," त्रिंबकराव म्हणाले.

"सांगितलं होतं रे. तू इसरला असशील."

खरं काय होतं ते आजही मला माहीत नाही. त्यांना तरी आहे का, कोण जाणे. ज्याच्या हातचा चहा ते वास न घेता प्यायचे, असा हा एकटाच माणूस होता, आणि फोन बंद झाल्यावर त्रिंबकरावांचा चेहरा मला बघवेना.

सायलीच्या पत्रावर सही झाली. तिने वडिलांना फोन केला तेव्हा पलीकडून येणारं मेंढरांचं बें बें मलाही ऐकू येत होतं. त्रिंबकरावांकडून डेटाबेसची चावी काढून घ्यायचं ठरलं. आता ते प्रिंटरचे टोनर बदलत फिरतात. पण चावी देण्याआधी त्यांनी शेवटचं एक काम मागून घेतलं. रीतसर फेरफार घातला. नाव फिरवलं ते कुणी, कधी, काय चुकलं, सगळं लिहिलं. सायलीसाठी नवी ओळ काढायची, तिचं पुढचं सगळं काम तिथे जाईल. जुन्या ओळीवर दोघांची नावं ठेवायची. सायली बोराडे, आणि पुढे कंसात शिवशंकर गायके. तो फेरफार मंजुरीला गेला तो अर्थातच सायलीकडे.

तिने तो वाचला. परत वाचला. मग मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. "सर, सेव्ह केल्यावर मी तिन्ही तक्ते माझ्या डोळ्यांनी बघणार. आन् हे मंजूर केल्याचा कागद मला छापून द्या, तुमच्या सहीचा."

"बघ की," ते म्हणाले. "बघितलंच पायजे."

सगळं झाल्यावर त्रिंबकराव स्वतः कॅन्टीनला गेले आणि दोन चहा घेऊन आले. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला चहा आणून दिल्याचं मला आठवत नाही. एक कप त्यांनी सायलीच्या टेबलावर ठेवला. "चुकलो पोरी," म्हणाले. "माणसावर इश्वास नव्हताच माझा. पण तुझ्यावर नाय ठेवला, ह्याचं लई वाईट वाटतं."

"असू द्या, सर," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, असं मला वाटलं. मग तिने कप उचलला, नाकाशी नेला, वास घेतला. हलकेच फिरवून तळ बघितला. आणि न पिताच बाजूला ठेवून कामाला लागली.

त्रिंबकरावांनी ते पाहिलं. आपल्या खुर्चीत येऊन बसले, स्वतःचा कप उचलला आणि वास न घेताच एका दमात पिऊन टाकला.